मातेच्या आहाराचा जमाखर्च

प्रसूती विभागाच्या दारात उभ्या असणाऱ्या नातेवाइकांचे प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेले आहेत. बाळाचे वजन किती भरले, हा पहिला. बाळंतिणीला काय खायला द्यायचे आणि काय द्यायचे नाही, हा दुसरा. आईचे वजन किती भरले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वार्षिक अहवालातील यंदाचा हा अभ्यासलेख या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय शाखेचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हे आरंभीच नमूद करतो. लेखातील वैद्यकीय विधाने रुग्णालयाच्या प्रसूतितज्ज्ञांनी व आहारतज्ज्ञांनी वाचून दिली आहेत. हिशेबाची मांडणी तेवढी लेखकाची आहे.

अन्नातून शरीराला मिळणारी शक्ती कॅलरी या एककात मोजतात. ज्वारीच्या साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे दोनशे कॅलरी. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे म्हणजे एकशे साठच्या आसपास. चहाचा एक चमचा तूप वा तेल म्हणजे पंचेचाळीस. एवढे तीन आकडे ध्यानात ठेवले तरी पुढील विवेचन समजण्यास पुरेसे आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला १६६० कॅलरी लागतात. मध्यम कष्टाच्या कामात २१३० आणि जड अंगमेहनतीत २७२०. गरोदरपणी त्यात ३५० कॅलरींची भर घालावयाची. बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने ६०० आणि पुढील सहा महिने ५२० कॅलरी अधिक. प्रथिनांची गरज शेवटच्या तिमाहीत दिवसाला बावीस ग्रॅमने वाढते. म्हणून ही भर साखर आणि साबुदाण्याने भरून काढता येत नाही, डाळ, दाणे, दूध, अंडी यांनीच भरावी लागते.

गरोदरपणाचा खर्च नऊ महिन्यांत समान हप्त्यांनी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००४ च्या अहवालात बारा किलो वजन वाढणाऱ्या मातेचा हिशेब मांडला आहे. त्यानुसार पहिल्या तिमाहीत दिवसाला ८५ कॅलरी, दुसऱ्या तिमाहीत २८५ आणि तिसऱ्या तिमाहीत ४७५ कॅलरी अधिक खर्च होतात. एकूण बेरीज सुमारे ७७ हजार. यातील निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या शेवटच्या तिमाहीत खर्ची पडते. त्याचे दुःखद प्रत्यंतर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात पडलेल्या दुष्काळात मिळाले. ज्या मातांची शेवटची तिमाही त्या उपासमारीत गेली, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी तीनशे ग्रॅमच्या आसपास घटले. ज्यांचे केवळ आरंभीचे महिने उपासमारीत गेले व पुढे अन्न मिळाले, त्यांच्या बाळांचे जन्माच्या वेळचे वजन जवळपास नेहमीसारखे राहिले.

आपल्या पूर्वजांना कॅलरी ठाऊक नव्हती, तरी सातव्या महिन्यात डोहाळजेवण करण्याची आणि त्यानंतर मुलीला माहेरी नेण्याची रीत त्यांनी घालून दिली. शेवटच्या तिमाहीच्या उंबरठ्यावर अन्न वाढवावे आणि कष्ट कमी करावेत, हाच त्याचा व्यवहारातील अर्थ. प्रत्यक्षात डोहाळजेवण होते एका दिवसाचे, आणि छायाचित्रे काढून झाल्यावर सुनेने पुन्हा स्वयंपाकघराचा ताबा घ्यावा अशी अपेक्षा असते, ही गोष्ट वेगळी.

एकाच दवाखान्यात आलेल्या दोघी

सोलापुरात विड्या वळून उदरनिर्वाह करणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. मांडीवर सूप घेऊन तेंदूची पाने कापणे, तंबाखू भरणे आणि वळणे हे काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून चालते. त्याच वेळी हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. हंगामात ऊस तोडून मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी स्त्रीही गरोदर असू शकते, आणि अनेकदा असते. तक्त्याप्रमाणे पहिलीची शेवटच्या महिन्यांतील गरज २०१० कॅलरी, दुसरीची ३०७०. फरक हजारांहून अधिक कॅलरींचा, म्हणजे पाच भाकरींचा. दोघींना बाह्यरुग्ण विभागात "भरपूर खा, आराम करा" एवढेच सांगितले तर तो सल्ला एकीला अपुरा आणि दुसरीला कदाचित अनाठायी ठरतो. शिवाय तक्त्यातील स्त्री ५५ किलोची आहे, आणि आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचा काटा गरोदर राहण्यापूर्वी चाळीस-पंचेचाळिसावर थांबलेला असतो.

विडी कामगार भगिनींबाबत एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. त्यांचे काम बैठे असले तरी त्यांना जेवावयास सवड नसते. नगावर मजुरी मिळत असल्याने जेवणात गेलेला अर्धा तास पैशांत मोजला जातो. सकाळचा चहा, दुपारी उशिरा भाकरी, मधल्या वेळेला पुन्हा चहा अशी ही दिनचर्या असते. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब जठरावर येतो, थोडे खाल्ले तरी पोट भरते, छातीत जळजळते. अशा वेळी दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी हवीत. सुपाशेजारी भाजलेल्या शेंगदाण्यांचा वा फुटाण्यांचा डबा ठेवावा आणि तंबाखूचा हात धुऊनच त्यात घालावा, इतका साधा बदल आमच्या आहारतज्ज्ञ सुचवतात. एकादशी असो वा रमजान, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने दीर्घकाळ निरंकार राहू नये. तिला सवलत देण्यास कोणत्याही धर्माची आडकाठी नाही.

जुन्या वळणाच्या घरांतून याच्या उलट सल्लाही ऐकू येतो : शेवटच्या महिन्यांत बेताने खावे, मूल फार वाढले तर सुटका अवघड होते. बाळ अवाजवी मोठे होण्यामागे बहुधा आईच्या रक्तातील अनियंत्रित साखर असते. बेचाळीस किलोच्या स्त्रीने एक भाकरी जास्त खाल्ल्याने तिची प्रसूती अडत नाही. तिने ती न खाल्ल्यास बाळ दोन किलोचे जन्मण्याची भीती मात्र वाढते, आणि अशा बाळाचा नवजात अतिदक्षता कक्षातील एका दिवसाचा खर्च किती होतो हे विश्वस्तांना निराळे सांगावयास नको.

पुण्याजवळची सहा गावे

या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुणे परिसरातील सहा गावांतील स्त्रियांची १९९० च्या दशकात गरोदरपणापासून नोंद ठेवली. या मातांचे गरोदरपणापूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास आणि बाळांचे सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा असे आढळले की आपली बाळे लहान व कृश दिसतात, तथापि त्यांची तूट प्रामुख्याने स्नायूंत व अवयवांत असते. चरबी त्या मानाने टिकून असते. पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे येथे असावीत, असे हे संशोधक सांगतात.

हिशेबनिसाला चकित करणारा भाग पुढे आहे. या मातांनी एकूण किती कॅलरी खाल्ल्या, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले याच्याशी. तसेच शेतीची व घरची जड कामे जितकी अधिक, तितके बाळ लहान असल्याचेही आढळले. म्हणजे जमेच्या बाजूस रक्कम किती आली एवढेच पाहून भागत नाही; ती कोणत्या नाण्यात आली आणि खर्चाच्या बाजूस काय चालले आहे, हेही पाहावे लागते. पाण्याची घागर दुसऱ्या कोणी उचलली, तर तीही गर्भवतीच्या खात्यावर एक प्रकारची जमाच होय.

मग कॅलरींना महत्त्व नाही काय? आहे, आणि ते आफ्रिकेतील गांबिया या लहानशा देशात सिद्ध झाले. तेथील खेड्यांत गर्भवतींना विसाव्या आठवड्यापासून रोज सुमारे एक हजार कॅलरींची बिस्किटे देण्यात आली. ही बिस्किटे होती शेंगदाणे, तांदळाचे पीठ, साखर व शेंगदाण्याचे तेल यांची. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळांचे वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढले. आणि धान्य संपून शेतीची कामे वाढतात त्या उपासमारीच्या हंगामात ही वाढ २०१ ग्रॅमपर्यंत गेली. मृत जन्मांचे प्रमाणही घटले. सारांश, जेथे तूट खरी असते तेथे कॅलरी काम करते. शेंगदाण्याची चटणी ज्या गावाची ओळख आहे, त्या गावाला हे औषध बाहेरून आणावे लागणार नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांतील स्त्रियांवर झालेल्या नंतरच्या प्रयोगाने आणखी एक धडा दिला. पालेभाज्या, दूध व फळे यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने सुरू झाला, तेव्हाच बाळाच्या वजनात लहानशी वाढ दिसली. आणि अतिशय कृश स्त्रियांना तोही लाभ मिळाला नाही. मात्र खाऊ घेणाऱ्या गटात गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. यावरून नववधूच्या ताटाकडे लक्ष देणे हे गर्भवतीच्या ताटाइतकेच आवश्यक ठरते. तो विषय पुढील एखाद्या अहवालासाठी राखून ठेवतो.

सव्वा महिना आणि सहा महिने

आता प्रसूतीनंतरच्या खात्याकडे वळू. पूर्ण अंगावर पिणारे बाळ दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध घेते. त्यात अंदाजे पाचशे कॅलरी असतात, आणि ते तयार करण्यासाठी मातेच्या शरीराला त्याहून अधिक, सुमारे सहाशे कॅलरी मोजाव्या लागतात. सहा महिन्यांचे १८० दिवस धरले तर ही बेरीज एक लाख आठ हजार होते. वर दिलेला नऊ महिन्यांच्या गरोदरपणाचा आकडा ७७ हजार होता. आपण सारे बाळंतपणाला मोठा खर्च समजतो. वास्तविक सहा महिने बाळाला पाजण्याचा खर्च त्याहून मोठा आहे.

यातील काही भाग गरोदरपणी साठलेल्या चरबीतून निघतो. चांगले वजन वाढलेल्या मातेच्या शरीरातून दिवसाला १७० कॅलरींपर्यंत उचल होऊ शकते. तिच्यासाठी ही ठेव मोडणे हितकारकच आहे. परंतु जिची ठेवच झालेली नाही, तिने काय मोडावे?

येथे निसर्गाचा एक विलक्षण नियम लक्षात घेतला पाहिजे. अर्धपोटी मातेचे दूध लगेच आटत नाही. गांबियातीलच अभ्यासात असे दिसले की पाजणाऱ्या मातांना जादा आहार दिल्याने दुधाचे प्रमाण वाढले नाही, कारण अपुऱ्या आहारातही ते फारसे घटलेले नव्हते. बाळाचा हप्ता वेळेवर भरला जातो. तूट पडते ती आईच्या स्नायूंत, तिच्या हाडांत व रक्तात. म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाही. बाळ बाळसे धरत असते, पाहुणे कौतुक करतात, आणि आई उतरत जाते. वर्ष-दीड वर्षात पुन्हा दिवस राहिले तर दुसऱ्या बाळाचे खाते आरंभीच्या शिल्लकीऐवजी कर्जाने उघडते.

आता आपल्या रिवाजाचे वेळापत्रक पाहा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-भात, बाळंतशेपा, शेक-शेगडी हे सारे सव्वा महिन्याचे. तोवर माहेरची माणसे हौसेने करतात. त्यानंतर, फार तर तिसऱ्या महिन्यात, सून सासरी परतते. लाडवांचा डबा रिकामा होतो, चूल, पाणी, सूप किंवा कोयता हाती येतो. बाळाची दुधाची मागणी मात्र या वेळी कमी झालेली नसते. जमा घटते आणि खर्च वाढतो तो नेमका याच काळात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीमार्फत मोफत आहाराचा हक्क दिला असून त्याचे प्रमाण दिवसाला सहाशे कॅलरी ठरविले आहे. कायद्याचा सहा महिन्यांचा हिशेब बरोबर आहे. मात्र घरी आलेला शिधा कुटुंबाच्या सामाईक डब्यात पडतो आणि सर्वांच्या ताटांत वाटला जातो. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातील किती येतो, हे सांगणे नलगे.

दुसऱ्या टोकाची घरेही आपल्या रुग्णालयात येतात, आणि त्यांची संख्या लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाचांपैकी एक स्त्री प्रमाणापेक्षा कमी वजनाची आढळली, आणि त्याहून किंचित अधिक स्त्रिया प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या. "दोन जिवांची आहेस, दोघांचे खा" हा आग्रह या दुसऱ्या गटात अपाय करतो. दुसऱ्या जिवाचे पोट ३५० कॅलरींचे आहे; म्हणजे एक भाकरी, वाटीभर डाळ आणि एक लहान फळ. जाड स्त्रीने गरोदरपणी ५ ते ९ किलोंपेक्षा अधिक वजन वाढवू नये आणि कृश स्त्रीने किमान साडेबारा किलो वाढवावे, असे अमेरिकेतील तज्ज्ञांचे २००९ चे कोष्टक आहे. आपल्याकडे सर्वसाधारणपणे दहा ते बारा किलो सांगितले जातात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करावयाची साखरेची तपासणी प्रत्येक गर्भवतीने पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करून घ्यावी. साखर आढळल्यास उपाशी राहू नये, ताट आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.

बाळंतपणानंतर अशा घरात दिवसाला चार डिंकाचे लाडू सहज दिले जातात. तुपातला एक मध्यम लाडू दोनशे कॅलरींच्या आसपास असतो. चार लाडवांचे आठशे झाले, आणि पूर्ण जेवण त्याशिवाय. दोन लाडू पुरेत. वजन उतरविण्याची घाई मात्र पहिल्या महिन्यात करू नये. पुढे चालणे व साधा आहार यांनी महिन्याला दोन किलोंपर्यंत वजन उतरले तर दुधावर परिणाम होत नाही. दूरचित्रवाणीवर पाहिलेली उपासाची पथ्ये पाजणाऱ्या मातेसाठी नाहीत.

पाण्याविषयी दोन शब्द. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, पोट सुटेल, अशी समजूत अजूनही आहे. सोलापूरचा एप्रिल-मे, पत्र्याचे घर, शेजारी शेगडी आणि पाण्यावर निर्बंध, अशा स्थितीत ती माता पाऊण लिटर दूध देत असते, ज्याचा पाऊणहून अधिक भाग पाणीच आहे. तहान लागेल तितके पाणी तिला मिळालेच पाहिजे. पालेभाजी आणि केळी "थंड" म्हणून वर्ज्य करण्यासही वैद्यकीय आधार नाही.

सहाशे कॅलरींची पिशवी

अधिक सहाशे कॅलरी म्हणजे काय, हे बाजारभावाच्या भाषेत मांडतो. साठ ग्रॅम ज्वारी, तीस ग्रॅम तूरडाळ, तीस ग्रॅम शेंगदाणे, एक चमचा तेल आणि कपभर गाईचे दूध यांत ते बसते. महिन्याचा हिशेब : ज्वारी दोन किलोंच्या आत, डाळ व शेंगदाणे प्रत्येकी एक किलोच्या आत, तेल दीडशे ग्रॅम, दूध साडेचार लिटर. दूध सोडले तर एका हाताने उचलावी एवढी ही पिशवी आहे.

अनेक देणगीदार नातवंडाच्या जन्मानिमित्त प्रसूती कक्षात फळांच्या करंड्या पाठवितात. सांगोल्याची डाळिंबे उत्तमच. त्यांबद्दल संस्था ऋणी आहे. परंतु शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत शंभराहूनही कमी कॅलरी आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पाचशेहून अधिक, हा फरक देणाऱ्याने विचारात घ्यावा. शिवाय प्रसूतीच्या दिवशी मातेजवळ माहेर असते. तिसऱ्या महिन्यात नसते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे पुढील सूचना ठेवीत आहे. लसीकरणासाठी बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात रुग्णालयात आणावेच लागते. त्या तिन्ही भेटींत बाळासोबत आईचेही वजन घेऊन बाळाच्याच कार्डावर नोंदवावे. आणि कृश मातांना महिनाभर पुरतील असे शेंगदाणा-गुळाचे लाडू द्यावेत, दिवसाला लहान दोन, मिळून सुमारे दोनशे वीस कॅलरींचे. ज्यांच्या रक्तात साखर आढळली आहे त्यांना लाडवांऐवजी भाजलेले दाणे व फुटाणे द्यावेत. उरलेली भर भाकरी-डाळीची असून ती घरच्या ताटातून निघावी, हे सोबत आलेल्या सासूबाईंना वा नवऱ्याला त्याच वेळी समजावून सांगावे. कोरडा शिधा न देता लाडू सुचविण्यामागे कारण आहे : पीठ आणि डाळ सर्वांची होते, पण डब्यावर "बाळंतिणीचे लाडू" असे लिहिले की आपल्या घरांत दुसरे कोणी सहसा त्याला हात लावीत नाही. लाडू रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातच वळता येतील. दाणे व गूळ यांच्या रूपाने देणगी स्वीकारण्याची व्यवस्था कार्यालयात केली असून पावती नेहमीप्रमाणे मिळेल.